वाचकांचे प्रश्न : फाइल दिसते, पण मोबाइलवर चालत नाही

घरातल्या नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी) किंवा राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर ठेवलेले व्हिडिओ मोबाइलवर का चालत नाहीत, याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : नॅसवरची एमकेव्ही फाइल अँड्रॉइड फोनवर उघडली तर एक प्लेअर ‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’ म्हणतो. दुसऱ्यात चित्र दिसतं, पण आवाज येत नाही. याच डिस्कवरच्या दुसऱ्या एमकेव्ही फाइल मात्र नीट चालतात. फाइल खराब आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : फाइल बहुधा ठणठणीत आहे. एमकेव्ही हा नुसता डबा आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबलंय आणि आवाज कोणत्या, हे डब्याच्या नावावरून कळत नाही. दोन एमकेव्ही फाइलींमध्ये नावापलीकडे काहीच सारखं नसू शकतं.

आधी आत काय आहे ते बघा. कॉम्प्युटरवर ‘मीडियाइन्फो’ नावाचा मोफत प्रोग्राम टाका आणि फाइल त्यात ओढा. व्हीएलसी हा मोफत प्लेअर असेल तर त्यात फाइल लावून कंट्रोल आणि जे ही बटणं दाबा. चित्राचा फॉरमॅट, बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बिटांत नोंदवल्यात) आणि आवाजाचा फॉरमॅट या तीन नोंदी महत्त्वाच्या.

तुमच्या फाइलमध्ये आवाज डीटीएस, एसी-३ किंवा ई-एसी-३ असण्याची दाट शक्यता आहे. या पद्धतींवर परवान्याची बंधनं आली, म्हणून कित्येक फोन आणि प्लेअर त्या सोबत देत नाहीत. एमएक्स प्लेअरनं हा आधार फार पूर्वीच काढला. तिथे वेगळी कोडेक फाइल (आवाज उलगडणारा तुकडा) शोधून ‘डीकोडर’च्या सेटिंगमध्ये द्यावी लागते, आणि तिची आवृत्ती ॲपशी जुळली नाही तर तीही चालत नाही. त्या फंदात न पडता व्हीएलसी वापरा. त्यात हे सगळे आवाज उलगडण्याची सोय आधीपासून आहे.

फाइल उघडण्याची पद्धतही बदला. फाइल मॅनेजरमधून ‘ओपन विथ’ केलं की काही ॲप अख्खी फाइल आधी फोनमध्ये उतरवून घेतात. आठ जीबीच्या फाइलला त्यात पाच-दहा मिनिटं सहज जातात. त्याऐवजी व्हीएलसीच्या ‘ब्राउझ’ टॅबमध्ये जाऊन लोकल नेटवर्कखाली नॅस शोधा. नाव दिसत नसेल तर तिथेच सर्व्हर हातानं जोडा : प्रकार एसएमबी (नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची पद्धत), नॅसचा आयपी पत्ता, शेअर केलेल्या फोल्डरचं नाव, युजर आणि पासवर्ड.

फाइल कायमची दुरुस्त करायची असेल तर सगळं पुन्हा एन्कोड करू नका, म्हणजे नव्यानं दाबू नका. ही चूक फार जण करतात : रात्रभर कॉम्प्युटर तापतो आणि चित्र पहिल्यापेक्षा वाईट होतं. चित्र एच.२६४ (चित्र दाबण्याची एक पद्धत) असेल तर त्याला हात लावायची गरजच नाही. ‘एव्हिडेमक्स’ या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडा, व्हिडिओ आउटपुट ‘कॉपी’च ठेवा, ऑडिओ आउटपुट ‘एएसी’ करा, फॉरमॅट ‘एमपी४ मक्सर’ निवडा आणि सेव्ह करा. फक्त आवाज बदलत असल्यानं काम काही मिनिटांत होतं. वर जागाही वाचते : १५०९ केबीपीएसचा डीटीएस आवाज दोन तासांना सुमारे १.३६ जीबी घेतो, १६० केबीपीएसचा एएसी जेमतेम १४४ एमबी.

बिट डेप्थपुढे १० आणि फॉरमॅट एच.२६४ असेल (प्रोफाइल ‘हाय १०’ दिसेल), तर अडचण वेगळी आहे. दहा बिटांचं एच.२६४ उलगडणारं हार्डवेअर फोनच्या चिपमध्ये सहसा नसतंच. सगळा भार प्रोसेसरवर पडतो, फोन गरम होतो, चित्र अडखळतं. व्हीएलसी ते चालवेल, पण बॅटरी खाईल. एवढ्या एका प्रकारासाठी मात्र पुन्हा एन्कोड करणं योग्य. दहा बिटांचं एचईव्हीसी (एच.२६४ नंतरची दाबण्याची पद्धत) हे वेगळं प्रकरण; ते गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक फोनना जमतं.

प्रश्न : आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये नॅस जोडलाय. एमकेव्ही उघडत नाही हे समजू शकतो, पण काही एमपी४ फाइलींचा नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. (दुबई)

उत्तर : फाइल्स ॲपमधून एसएमबी सर्व्हर जोडायची सोय आयओएस १३ पासून आहे. पण तिथला प्लेअर अ‍ॅपलचा स्वतःचा आहे. एमपी४, एमओव्ही आणि एम४व्ही एवढंच त्याला कळतं; एमकेव्ही आणि एव्हीआय तो उघडणार नाही.

काळ्या पडद्याचं कारण गमतीचं आहे. एमपी४ मध्ये एचईव्हीसी चित्र ठेवताना त्यावर चार अक्षरांची चिठ्ठी लावतात. ती ‘एचव्हीसी१’ किंवा ‘एचईव्ही१’ अशी दोन प्रकारची असते. अ‍ॅपलचे प्लेअर पहिलीच मानतात. दुसरी दिसली की चित्र सोडून देतात आणि आवाज तेवढा वाजवतात. मीडियाइन्फोमध्ये ही चिठ्ठी ‘कोडेक आयडी’पुढे दिसते. एफएफएमपेग (आज्ञा टाइप करून चालवायचा मोफत प्रोग्राम) वापरता येत असेल तर चित्र आणि आवाज दोन्हींना ‘कॉपी’ सांगून व्हिडिओचा टॅग एचव्हीसी१ करा. फाइल कॉपी व्हायला लागतो तेवढाच वेळ लागेल. आज्ञा टाइप करण्याचा कंटाळा असेल तर आयफोनवरही व्हीएलसी टाका, त्याला चिठ्ठीशी देणंघेणं नाही.

व्हीएलसी टाकल्यावर त्यात नॅस दिसलाच नाही, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘लोकल नेटवर्क’ उघडा आणि व्हीएलसीसमोरचं बटण चालू करा. आयओएस १४ पासून ही परवानगी लागते. पहिल्यांदा विचारलेलं असताना घाईत ‘नाही’ दाबलं गेलं की ॲपला घरातलं कुठलंच उपकरण दिसत नाही.

प्रश्न : राउटरच्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क लावली आहे. लॅपटॉपवर दिसत नाही, फोनवर डीएलएनएमधून (घरच्या नेटवर्कवर व्हिडिओ, गाणी दाखवण्याची पद्धत) दिसते, पण निम्म्याच फाइली. (नाशिक)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

लॅपटॉपवर न दिसण्याचं कारण बहुतेक एसएमबी-१. स्वस्त राउटर फाइल शेअरिंगसाठी अजून हीच जुनी पद्धत वापरतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीचा व्हायरस याच पद्धतीतल्या त्रुटीतून जगभर पसरला, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी-१ टप्प्याटप्प्यानं बंद होत गेलं. ते पुन्हा चालू करण्याचे उपाय इंटरनेटवर पोत्यानं सापडतील, करू नका. राउटरच्या पानावर एसएमबीची आवृत्ती निवडायची सोय आहे का बघा, फर्मवेअर अपडेट करा. नाहीच जमलं तर त्याच डिस्कला एफटीपीनं (फाइली पाठवण्याची जुनी पद्धत) जोडा. मात्र एफटीपी घरापुरतंच ठेवा, बाहेरून उघडू नका.

निम्म्या फाइलींचं म्हणाल, तर डीएलएनए डिस्कवरचे फोल्डर जसेच्या तसे दाखवत नाही. सर्व्हर आपल्या ओळखीच्या प्रकारांची यादी बनवतो आणि ती दाखवतो. ज्या एक्स्टेन्शनची ओळख नाही ती फाइल यादीत येतच नाही, म्हणजे डिस्कवर असून नसल्यासारखी. नव्या फाइली टाकल्यावर यादी पुन्हा बनवावी लागते. राउटरच्या मीडिया सर्व्हर पानावर ‘रीस्कॅन’ असं बटण असतं. सबटायटलची वेगळी फाइलही डीएलएनएतून सहसा पोचत नाही.

यादी पूर्ण रिकामी दिसत असेल तर फोन गेस्ट वायफायवर आहे का तपासा. डीएलएनए उपकरणं एकमेकांना १९०० क्रमांकाच्या पोर्टवरून हाका मारून शोधतात. गेस्ट नेटवर्क किंवा ‘एपी आयसोलेशन’ (वायफायवरची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणारं सेटिंग) चालू असेल तर त्या हाका अडतात.

प्रश्न : २००० ते २०१० मधल्या लग्नांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी नॅसवर कॉपी केल्या. फोनवर डीएटी फाइल उघडतच नाही, व्हीओबी तुकड्यातुकड्यात चालते आणि हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. (सातारा)

उत्तर : डीएटी फाइलमध्ये ३५२ बाय २८८ आकाराचं एमपेग-१ चित्र असतं. व्हीएलसी ते चालवतो. व्हीसीडीवर व्हिडिओच्या भागाला चुका भरून काढणारी जादा माहिती ठेवलेली नसते, त्यामुळे डेटा सीडीला न जाणवणारा ओरखडाही इथे कॉपी थांबवतो. विंडोजनं मध्येच ‘सायक्लिक रिडंडन्सी’ची चूक दाखवली तर ‘आयसोबस्टर’ या प्रोग्रामनं ट्रॅक काढून बघा, आणि सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्येही घालून बघा. जुना ड्राइव्ह कधी कधी नव्यापेक्षा चांगलं वाचतो.

डीव्हीडीतलं चित्र एमपेग-२ असतं. एक जीबीच्या वर गेलं की त्याचे व्हीओबी तुकडे पडतात, आणि ते कोणत्या क्रमानं जोडायचे ते शेजारच्या आयएफओ फाइलींत लिहिलेलं असतं. म्हणून एकटी व्हीओबी उघडू नका. ‘हँडब्रेक’ या मोफत प्रोग्राममध्ये अख्खं ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर उघडा. सगळ्यात मोठं टायटल म्हणजे तुमचं लग्न.

दाते दिसतात ते चित्र इंटरलेस्ड असल्यामुळे. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं असतात, ओळी आड ओळ. हँडब्रेकच्या ‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेस ‘बीडब्ल्यूडिफ’ किंवा ‘यॅडिफ’ निवडा आणि प्रीसेट ‘बॉब’ ठेवा, म्हणजे पन्नास पूर्ण चित्रं मिळतात आणि वरातीतला नाच गुळगुळीत दिसतो. बॉबसोबत फ्रेमरेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’ असू द्या. व्हिडिओ एच.२६४, दर्जा आरएफ २० (या आकाराच्या चित्राला १८ ते २२ पुरे), आवाज एएसी १६० केबीपीएस, अनॅमॉर्फिक ‘ऑटोमॅटिक’. शेवटची गोष्ट विसरलात तर नवरा-नवरी उभट किंवा पसरट दिसतील. फाइल मोठ्या आकाराची करून सुस्पष्टता येत नाही, म्हणून १०८० पीच्या मोहात पडू नका.

एन्कोड झाल्यावर मूळ डीव्हीडीची प्रत टाकून देऊ नका. एका थराच्या डीव्हीडीला जास्तीत जास्त ४.७ जीबी लागतात. आजच्या डिस्कमध्ये ते काहीच नाही.

प्रश्न : फाइल चालते, पण दर काही मिनिटांनी थांबते. नॅस तर गिगाबिटचा आहे. (ठाणे)

उत्तर : गणित करून बघा. जीबीला आठ हजारांनी गुणा आणि सेकंदांनी भागा. दोन तासांची ८ जीबीची फाइल सरासरी ९ एमबीपीएस मागते. तीच ५० जीबीची असेल तर ५५ च्या वर, आणि धावपळीच्या दृश्यात त्याच्याही दुप्पट. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय इमारतीत शेजाऱ्यांच्या गर्दीत प्रत्यक्षात बऱ्याचदा २० ते ४० च्या घरात राहतं. नॅस गिगाबिटचा असल्याचा तिथे उपयोग नाही. फोन ५ गिगाहर्ट्झवर आणा.

एक तपासणी अनेक जण विसरतात : नॅस आणि राउटरमधली केबल. आठातली एखादी तार तुटली तरी जोडणी बऱ्याचदा मुकाट्यानं १०० एमबीपीएसवर उतरते आणि हातात सुमारे ९४ उरतात. राउटरच्या पानावर पोर्टचा वेग दिसतो. सगळं ठीक असूनही अधूनमधून अडखळत असेल तर व्हीएलसीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये नेटवर्क कॅशिंग ३००० ते ५००० मिलिसेकंद करा. पुढे-मागे सरकवताना थोडा उशीर लागेल, एवढीच किंमत.

प्रश्न : नॅसवर जेलीफिन (फोनवर व्हिडिओ पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम) टाकलं. एक फाइल लावली की नॅसचा प्रोसेसर शंभर टक्के जातो. जास्त रॅमचा नॅस घ्यावा का? (पुणे)

उत्तर : रॅमचा इथे संबंध नाही. फोनला न जमणारी फाइल सर्व्हर त्या क्षणी बदलून देतोय, त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू असलेल्या फाइलखाली ते का करावं लागतंय याचं कारण लिहिलेलं असतं. आधी ते वाचा. कारण नुसत्या आवाजाचं असेल तर भार किरकोळ असतो. चित्राच्या रूपातली सबटायटल, म्हणजे ब्लू-रेमधली पीजीएस, चालू असतील तर अक्षरं चित्रावर छापण्यासाठी सगळं चित्र पुन्हा एन्कोड होतं. ती बंद करा किंवा एसआरटी (साध्या मजकुराची सबटायटल) वापरा.

अँड्रॉइडच्या जेलीफिन ॲपमध्ये प्लेअरचा प्रकार ‘वेब’ असेल तर तो ‘इंटिग्रेटेड’ करा किंवा बाहेरचा व्हीएलसी निवडा. पुष्कळदा ट्रान्सकोडिंगची गरज तिथेच संपते.

तरीही नवा नॅस घ्यायचाच असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते पाहा. इंटेलचा साधा सेलेरॉन जे४१२५ ‘क्विक सिंक’च्या (ग्राफिक्समधली व्हिडिओ बदलण्याची सोय) जोरावर एचईव्हीसी सहज बदलून देतो. एएमडीचा रायझेन आर१६०० एरवी त्याच्यापेक्षा ताकदवान, पण त्यात ग्राफिक्सच नाही, म्हणून या कामात तो मागे पडतो. एव्ही१ (चित्र दाबण्याची आणखी नवी पद्धत) फाइली असतील तर इंटेल एन१०० च्या पिढीचा घ्या. जे४१२५ ला एव्ही१ हार्डवेअरमधून उलगडता येत नाही. जेलीफिन डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवण्याची सोय) चालवत असाल तर ग्राफिक्सचं ‘डीआरआय’ उपकरण त्या कप्प्याला, म्हणजे कंटेनरला, जोडायला विसरू नका. ते जोडलं नाही तर सेटिंग कितीही चालू केलं तरी भार प्रोसेसरवरच राहतो.

प्रश्न : मराठी सबटायटलच्या जागी फोनवर प्रश्नचिन्हं किंवा इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. (लातूर)

उत्तर : फाइल कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडा. तिथेही प्रश्नचिन्हं असतील तर कुणीतरी ती ‘एएनएसआय’ (मराठी अक्षरं न सामावणारी जुनी पद्धत) म्हणून सेव्ह केली आहे आणि मजकूर गेला. मूळ प्रत शोधावी लागेल. नोटपॅडमध्ये मराठी नीट दिसत असेल तर ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये यूटीएफ-८ निवडा आणि फाइलला व्हिडिओचंच नाव देऊन त्याच फोल्डरमध्ये ठेवा. इंग्रजी अक्षरांचा कचरा असेल तर मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. तो फाँट फोनवर टाकून उपयोग नाही. त्याच फाँटसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरनं तो युनिकोडमध्ये आणा, आणि र्‍हस्व वेलांटी व रफार जागेवर आलेत का ते डोळ्यांनी तपासा, कारण कन्व्हर्टर चुकतात ते बहुधा तिथेच.