छायाचित्र झाकू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू छायाचित्रांवर रंगवलेली तुझी नऊ कामे माझ्याकडे ठेवून गेलीस आणि जाताना दारातच विचारलेस, "काका, याला चित्र म्हणायचे की फोटो?" प्रदर्शनाच्या अर्जातील एका रकान्याने तुझी झोप उडावी, याचे वाईट वाटले. रकान्यात काहीही लिही. मला खटकले ते वेगळेच. आपल्या इंदुरातील कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचे, म्हणजे होळकरांच्या दगडी समाध्यांचे, छायाचित्र तू स्वतः काढलेस आणि त्यावर पांढरा अॅक्रिलिक इतका जाड थापलास, की दगडावरचे कोरीवकाम पार बुजले. खालच्या कोपऱ्यात बोटभर पायरी तेवढी सुटली आहे. तेथे निळा रंग पातळ असल्यामुळे पायरीवरचे शेवाळ त्यातून दिसते. संपूर्ण कामात जिवंत आहे ती तेवढीच जागा. छायाचित्र झाकू नकोस.

तू ते का झाकतेस हे मी जाणतो, कारण मीही तेच केले. आमच्या वेळी "फोटोवरून काढले आहे" हा आरोप समजला जाई. त्या धास्तीने मी आमच्या रामबागेतील वाड्याच्या जिन्याचे छायाचित्र, ज्यात आई पाठमोरी बसून गहू निवडत होती, तैलरंगाने पूर्ण बुजवले. लोकांनी वाखाणले. पुढे निगेटिव्हला बुरशी लागली, वाडा पाडला गेला, आणि अस्तर न देता लावलेले तेल मुरून कागद तपकिरी व ठिसूळ झाला. आज माझ्यापाशी ना जिना आहे, ना चित्र.

ज्या इंदुरात चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९१० साली जन्मले, त्याच इंदुरात लाला दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात नोकरी करता करता कॅमेरा हाती घेतला; तेथे या दोन कलांचे वैर कशाला? एकोणिसाव्या शतकातील आपले चित्रकार छायाचित्रावर अपारदर्शक रंग चढवीत, पार्श्वभूमी आणि वस्त्रे बुजवीत, पण चेहरा बहुधा हलक्या हाताने राखीत. जर्मन चित्रकार गेर्‍हार्ड रिश्टर यांनी लहानशा घरगुती छायाचित्रांवर उरलेला रंग ओढला, तेव्हाही खालचा माणूस किंवा झाड कोठेतरी शिल्लक राहिले. काय राखायचे हे आधी ठरते, रंग नंतर येतो. तू उलटे करतेस, आणि मग "समतोल साधत नाही" म्हणतेस! समतोलाचा प्रश्नच नाही. तू ठरवलेलेच नाहीस.

कागदाचेही ऐक. चकचकीत फोटो कागदावर अॅक्रिलिक धरत नाही, नखाने पापुद्रा निघतो. तुझ्या तिसऱ्या कामाचा निघालाच. डाय शाईचा, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाचा, प्रिंट पाणी लागताच पसरतो. पिगमेंट म्हणजे रंगकणांच्या शाईत, सुती मॅट कागदावर प्रिंट काढ, पारदर्शक अॅक्रिलिक मीडियमचे दोन पातळ हात दे, आणि पूर्ण वाळू दे.

जिन्यानंतरची माझी कामे फारशी विकली गेली नाहीत. एका संस्थेने "हे धड चित्र नाही, धड छायाचित्र नाही" असे लिहून ती परत पाठवली, आणि घरच्यांनीही मला पुष्कळदा हट्टी म्हटले. तरी मी पुन्हा एकही छायाचित्र बुजवले नाही. त्या वर्षांत मी चुकलो असे मला आजही वाटत नाही. जिना गमावल्यावर दुसरे काही करणे मला शक्यच नव्हते.

पुढच्या रविवारी छत्र्यांच्या त्याच छायाचित्राचे चार कोरे प्रिंट घेऊन ये. ब्रश आणू नकोस. आपण फक्त पायरीकडे पाहू.

तुझा,
काका