लायब्ररी जुनी, प्रोग्राम नवा : लिनक्सविषयी वाचकांचे प्रश्न

(आज्ञा उच्चारानुसार छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात.)

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर उबुंटू 24.04 (लिनक्सची एक प्रणाली) आहे. त्यावर सी++ मध्ये केलेला प्रोजेक्ट पेनड्राइव्हवरून कॉलेजच्या लॅबमध्ये नेला, तर तो सुरूच होत नाही. ‘जीलिबसी_2.38 सापडत नाही’, ‘जीलिबसीएक्सएक्स_3.4.32 सापडत नाही’ असे दोन संदेश येतात. लॅबमध्ये उबुंटू 20.04 आहे. मित्र म्हणतो, लॅपटॉपवरची लिबसी फाइल तिकडे कॉपी कर. करू का? — विद्यार्थी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : अजिबात करू नका. एलएस, सीपी, बॅश, सुडो असे जवळजवळ सगळे प्रोग्राम त्या एकाच लिबसीवर, म्हणजे जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर, चालतात. शिवाय लिबसी आणि तिला मेमरीत चढवणारा लोडर, म्हणजे एलडी-लिनक्स, यांची जोडी एकाच आवृत्तीची असावी लागते. एकच फाइल बदलली की जोडी मोडते आणि एका क्षणात सगळे मशीन ठप्प होते.

तुमच्या प्रोग्राममध्ये दोष नाही. प्रोग्राम ज्या मशीनवर कंपाइल होतो (सोर्स, म्हणजे लिहिलेला कोड, चालणाऱ्या फाइलमध्ये बदलतो), तिथल्या लायब्ररीची खूण त्याच्यावर उमटते. 24.04 मध्ये जीलिबसी 2.39 आहे, 22.04 मध्ये 2.35 आणि 20.04 मध्ये 2.31. संदेशातला 2.38 हा तुमच्या प्रोग्रामला किमान लागणारा आकडा. जुन्या मशीनवर बनवलेला प्रोग्राम सहसा नव्यावर चालतो. उलट मात्र खात्री नसते. आकड्यांतला फरक स्वतः बघायचा तर लॅबमध्ये ‘एलडीडी --व्हर्जन’ द्या, आणि ‘ऑब्जडम्प -टी प्रोग्रामचे-नाव’ (टी कॅपिटल) देऊन जीलिबसी_ च्या पुढचा सर्वांत मोठा आकडा शोधा. तो लॅबच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर प्रोग्राम तिथे चालणार नाही.

सरळ उपाय एकच : तयार फाइल नेऊ नका, सोर्स न्या आणि लॅबमध्येच कंपाइल करा. इथे एक अडचण हमखास येते. 20.04 चा नेहमीचा जी++ (सी++ चा कंपायलर) नवव्या आवृत्तीचा आहे आणि त्याला ‘-एसटीडी=सी++20’ हा पर्याय कळत नाही. ‘जी++-10’ हे पॅकेज 20.04 च्या भांडारात आहे, ते लॅबच्या सरांकडून बसवून घ्या.

दुसऱ्या संदेशावर, म्हणजे जीलिबसीएक्सएक्स या सी++ लायब्ररीच्या खुणेवर, ‘-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++’ हा पर्याय नेटवर जागोजागी सुचवलेला दिसेल. त्याने जीलिबसीएक्सएक्सची तक्रार जाते, पण जीलिबसी_2.38 ची तशीच राहते. म्हणजे अर्धेच काम होते.

सोर्स देता येत नसेल आणि लॅबमध्ये डॉकर (प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवणारे साधन) असेल तर ‘उबुंटू:24.04’ ची प्रतिमा, म्हणजे तयार डबा, उतरवून प्रोग्राम तिच्यात चालवा. प्रतिमेत तिची स्वतःची लिबसी असते, मूळ मशीनला धक्का लागत नाही. मात्र डॉकर 20.10.10 च्या आधीचे असेल तर आत ‘परवानगी नाही’ अशा विचित्र चुका येतात. नवी जीलिबसी क्लोन3 ही कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) मारायची हाक वापरते आणि जुने डॉकर ती चुकीच्या पद्धतीने अडवते. आधी डॉकर अद्ययावत करा.

20.04 ची नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने मे 2025 मध्ये संपली आहेत. लॅबचे मशीन वर नेणे गरजेचेच आहे, पण उडी मारता येत नाही, आधी 22.04, मग 24.04. मधल्या 22.04 वर थांबलात तर 2.35 मुळे तुमचा हाच प्रोग्राम पुन्हा अडेल. हे काम यूपीएसशिवाय सुरू करू नये. पॅकेजे बसत असताना वीज गेली तर पुढचा प्रश्न वाचावा लागेल.

प्रश्न : वाचनालयाच्या 20.04 च्या संगणकावर कोणीतरी लिबसी बदलली. आता कोणतीच आज्ञा चालत नाही. सगळे पुन्हा बसवायचे का? — चिकोडी

उत्तर : नको, पुस्तकांच्या नोंदी जागेवरच आहेत. 20.04 च्याच लाइव्ह पेनड्राइव्हने (ज्यावरून उबुंटू डिस्कवर न बसवता थेट चालते) संगणक सुरू करा आणि डिस्कचे मुख्य पार्टिशन /एमएनटी या फोल्डरवर माउंट करा, म्हणजे जोडा. 20.04 मध्ये ‘लिबसी.एसओ.6’ हा नुसता दुवा असतो, खरी फाइल ‘लिबसी-2.31.एसओ’. फक्त दुवा बदलला असेल तर तो परत खऱ्या फाइलकडे वळवला की झाले. पण ‘सीपी’ने कॉपी केली असेल तर सीपी दुव्यामागे जाऊन खऱ्या फाइलवरच लिहिते. अशा वेळी लिबसी-2.31 आणि एलडी-2.31 या दोन्ही फाइली लाइव्ह पेनड्राइव्हवरून घ्या, एक घेऊन दुसरी सोडू नका. संगणक उठल्यावर लगेच ‘सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिबसी6’ द्या, म्हणजे पॅकेजातली मूळ जोडी नीट बसेल.

प्रश्न : मराठी-कन्नड लग्नपत्रिकांसाठी वापरत असलेली जुनी ॲपइमेज 24.04 केल्यापासून उघडत नाही. ‘लिबफ्यूज.एसओ.2 सापडत नाही’ असे येते. — छपाई व्यावसायिक, निपाणी

उत्तर : ही उलट बाजू आहे. प्रोग्राम जुना आणि मशीन नवे. ॲपइमेज म्हणजे अख्खे सॉफ्टवेअर एकाच फाइलमध्ये. जुन्या ॲपइमेजला ती फाइल फोल्डरसारखी उघडणाऱ्या फ्यूजची दुसरी आवृत्ती लागते आणि नव्या उबुंटूत ती आपोआप येत नाही. 22.04 वर पॅकेजचे नाव ‘लिबफ्यूज2’, 24.04 वर ‘लिबफ्यूज2टी64’. नुसते ‘फ्यूज’ नावाचे पॅकेज 22.04 किंवा पुढे बसवू नका. ते ‘फ्यूज3’ काढून टाकते आणि त्याच्यासोबत डेस्कटॉपचे भागही निघून जातात. पॅकेजे बसवणारी एपीटी ही आज्ञा काय काय काढणार याची यादी ‘वाय’ दाबण्यापूर्वी दाखवते, ती वाचा.

पत्रिका आजच द्यायची असेल आणि काहीही बसवायला वेळ नसेल, तर ॲपइमेजच्या नावापुढे ‘--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट’ लिहून चालवा. त्याच फोल्डरमध्ये ‘स्क्वॉशएफएस-रूट’ तयार होईल; त्यातले ‘ॲपरन’ चालवले की फ्यूजशिवाय सॉफ्टवेअर उघडते.