वारीत दिवसभर चालताना नुसतं पाणी पुरतं का, की ओआरएस लागतं?

नुसतं पाणी पुरत नाही, पण दिवसभर ओआरएसच ढोसत बसायचीही गरज नाही. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, आणि आपण वरून नुसतं पाणीच ओतत राहिलो तर रक्तातलं सोडियम खाली येतं, मग डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं सुरू, आणि लोक म्हणतात ऊन लागलं, अजून पाणी पाजा! साध्या दिवशी वेळेवर जेवण, मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत आणि तहानेप्रमाणे पाणी एवढं बास. पुणे ते सासवड टप्पा मात्र लांबलचक, जवळपास ३० किमी, त्यात दिवे घाट आणि बऱ्याचदा एकादशीचा उपास, त्या दिवशी ओआरएस जवळ ठेवाच (उपासाला सैंधव घातलेलं सरबत चालतं की). जुलाब लागले तर ओआरएस हवंच.

पाकीट नसेल तर:
- १ लिटर स्वच्छ पाणी
- साखर ६ सपाट चमचे (चहाचे)
- मीठ अर्धा चमचा, जास्त नाही

पाकीट असेल तर त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं घाला, अंदाजाने अर्धं नको. टेट्रापॅकमधलं प्रत्येक गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. बीपी, किडनी, हृदयाचा त्रास किंवा शुगर असेल तर हे मीठ-साखरेचं गणित निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.