उत्तर: हाब्रिंग सर्व्हिसला ऑस्ट्रियाला पाठवायचंय, कुरिअरवाला म्हणतो ‘सँपल लिहू’

दादा, थांबा. अजून पार्सल दिलं नसेल तर देऊ नका.

तुमच्या पोस्टमधलं ‘सँपल लिहू, व्हॅल्यू कमी टाकू, पटकन सुटतंय’ हे वाक्य वाचलं आणि जेवण बाजूला सारून लिहायला बसलो. हेच वाक्य मला याच शहरात, याच सुरात ऐकवलं गेलंय, आणि त्याचे पैसे मी भरलेत.

नंतर येणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. दादांकडं हाब्रिंग ह्या ऑस्ट्रियाच्या घड्याळ वर्कशॉपचं ‘फेलिक्स’ हे चावीचं घड्याळ आहे. पूर्ण चावी दिली की दोन दिवस चालायचं, आता रात्रीतच थांबतंय. वर्कशॉपनं ‘पाठवून द्या, वॉरंटीत बघतो’ म्हटलंय. कोल्हापुरातून कसं पाठवावं, की इथंच कुणाकडून उघडून घ्यावं, असं विचारलंय. खाली बरेच सल्ले आलेत, त्यातले दोन तर सरळ खड्ड्यात नेणारे आहेत.

आधीच सांगतो, मी सीए नाही, वकील नाही, कस्टम्समध्ये ओळखीचं कुणी नाही. उद्यमनगरात लेथ-मिलिंगचं काम करतो आणि घड्याळांचा नाद आहे, एवढंच. नियम आणि दर बदलत असतात, त्यामुळं खालचं वाचून थेट उडी मारू नका, कस्टम्स ब्रोकरला (कस्टम्सचे कागद करून देणारा एजंट) विचारून घ्या.

घड्याळाला काय झालंय यावर वेळ घालवत नाही. ज्यांनी बनवलं त्यांनी पाठवा म्हटलंय, विषय संपला.

इथं उघडावं का? माझं मत, नाही. आपल्या घड्याळजींना कमी लेखत नाही हं. महाद्वार रोडच्या बाजूला एक वयस्कर घड्याळजी आहेत, एचएमटीची जनता आणि पायलट ते गप्पा मारत मारत खोलतात. माझं घड्याळ त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागच्या काचेतून बराच वेळ बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं. म्हणाले, “ह्याला माझा स्क्रू-ड्रायव्हर लागला तर मला रात्री झोप यायची नाही.” माझं घड्याळ स्वित्झर्लंडच्या एका छोट्या वर्कशॉपचं आहे (नाव लिहीत नाही, गावात अशी घड्याळं किती असणार, उगाच ओळख पटायची). त्याच्या ब्रिजच्या (आतली चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) कडांना केसाएवढी तिरकी कड हातानं घासून चकचकीत केलीय. दोन कडा आत मिळतात तो कोपरा सुईच्या टोकासारखा धारदार आहे. मशीनवर काम करणाऱ्याला ह्याचा अर्थ लगेच कळतो. फिरतं टूल आतल्या कोपऱ्यात गोलाई सोडतंच, कितीही बारीक कटर लावा. तो कोपरा हातानंच निघतो. स्क्रूची डोकी एका कोनातून आरसा दिसतात, जरा तिरकं धरलं की काळी ठिक्कर. तिथं स्क्रू-ड्रायव्हर एकदा घसरला की तो ओरखडा जन्मभराचा. स्विस घड्याळकार फिलिप ड्युफूर यांनी २००० साली ‘सिम्प्लिसिटी’ हे घड्याळ आणलं, इतक्या वर्षांत ती सगळी मिळून दोनशेच्या आसपासच झाली, त्याचं कारण हेच. हात एका माणसाचे, आणि दिवसाचे तास तेवढेच.

तुमच्या घड्याळाबाबत थोडं वेगळं आहे हे मान्य. फेलिक्समधलं ए-११ मशीन, म्हणजे आतली यंत्रणा, हाब्रिंगची स्वतःची, २०१४ ची, पण मूळ ठेवण व्हॅलजू ७७५० ह्या स्विस मशीनच्या वळणाची. रिचर्ड हाब्रिंग आयडब्ल्यूसी ह्या स्विस घड्याळ कंपनीत असताना ७७५० वरच त्यांनी डोपेलक्रोनोग्राफची (दोन सेकंद काट्यांच्या स्टॉपवॉचची) रचना बसवली होती. त्यामुळं मुंबई-पुण्याचा एखादा चांगला कारागीर ते खोलू शकेल. पण एखादा पार्ट लागला तर तो ऑस्ट्रियाहूनच येणार, आणि दुसऱ्याचा हात लागला की वॉरंटीचं काय होईल ते हाब्रिंगवाल्यांनाच विचारा. पाठवा. फक्त नीट पाठवा.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं टंकतोय.

घड्याळ जाताना काही होत नाही. ते परत येताना अडकतं, आणि का अडकतं त्याचं बी जातानाच्या कागदात पेरलेलं असतं.

कायदा आपल्या बाजूनं आहे. मी आधार घेतला ती कस्टम्सची अधिसूचना ४५/२०१७, तारीख ३० जून २०१७. दुरुस्तीसाठी बाहेर पाठवलेली वस्तू परत आली तर ड्यूटी वस्तूच्या पूर्ण किमतीवर लागत नाही. दुरुस्तीचा वाजवी खर्च, त्यात घातलेल्या पार्टची किंमत, आणि दोन्ही वेळचं भाडं नि विमा, एवढ्याच्या बेरजेवर लागते. अटी अशा की वस्तू ३ वर्षांत परत यावी (पुढं २ वर्षांपर्यंत वाढवून मिळू शकतात), मालक बदललेला नसावा, आणि गेलेली वस्तूच परत आलीय हे अधिकाऱ्याला पटावं. सगळा खेळ ह्या शेवटच्या अटीत आहे.

माझं घड्याळ सर्व्हिसला पाठवताना मी कुरिअरच्या काउंटरवर पत्र दिलं होतं. घड्याळाचं नाव, केसचा नंबर, मशीनचा नंबर, ‘दुरुस्तीसाठी जात आहे, परत येणार आहे’, खरी किंमत, सगळं छापून सही करून. काउंटरवरच्या पोरानं ते पत्र स्टेपल करून फाइलला लावलं आणि कॉम्प्युटरवर टाइप केलं, ‘वापरलेलं घड्याळ, सँपल, विक्रीसाठी नाही’, किंमत हजाराच्या घरात. मी म्हटलं, अरे नंबर टाक की. तर, “सर, सिस्टिममध्ये तेवढीच जागा असते. पत्र आहे की सोबत.” मॅनेजरना बोलावलं, ते म्हणाले आम्ही रोज पाठवतो. पावती हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

वर्कशॉपनं काम उत्तम केलं, परतीच्या कागदावर खरी किंमत लिहिली, दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवला. आणि माल मुंबईत आल्यावर त्याच कुरिअर कंपनीच्या क्लिअरन्स विभागाचा मेल आला, पूर्ण किमतीवर ड्यूटी भरा. मी अधिसूचना पाठवली. उत्तर आलं, निर्यातीच्या वेळचं शिपिंग बिल (माल बाहेर जाताना कस्टम्सला द्यायचा कागद) पाठवा, त्यावर सीरियल नंबर हवा. म्हणजे बघा, बिल त्यांनी बनवलेलं, नंबर त्यांनी गाळलेला, आणि तो नंबर असलेलं बिल माझ्याकडं मागतायत! पत्राची कॉपी पाठवली तर म्हणे पत्र हे कस्टम्सचं कागदपत्र नाही. दर मेलला नवं नाव, नव्या माणसाला पहिल्यापासून रामायण. मध्येच एकानं आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड) नंबर मागितला. स्वतःच्या वापराची वस्तू, धंद्याशी संबंध नाही, अशा व्यक्तीला आयईसी लागत नाही. माझ्या वर्कशॉपचा आयईसी आहे, पण तो दिला असता तर घड्याळ माझं की फर्मचं, म्हणजे मालक बदलला का, हा नवा घोळ. तुमचाही धंदा असेल तर हे ध्यानात ठेवा. जाताना-येताना एकच नाव, तुमचं.

शेवटी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठली. सहारला, विमानतळाच्या कार्गोत, कस्टम्सच्या साहेबांनी, खरं सांगतो, शांतपणे ऐकून घेतलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. गेलं ते हजाराचं सँपल, आलं ते लाखांचं घड्याळ. म्हणाले, हे एकच आहे असं मी कशाच्या आधारावर लिहू? मला राग कस्टम्सचा नाही, त्यांच्या जागी मी असतो तरी तेच म्हटलं असतं. राग आहे तो ‘सिस्टिममध्ये जागा नाही’ ह्याचा. तिकडं गोदामाचं भाडं चढत होतं. पूर्ण ड्यूटी भरली आणि घड्याळ घेऊन आलो. ६० दिवसांत अपील करता येतं. पण वकिलानं फी सांगितली, वर ‘कागद कच्चे आहेत’ असंही सांगितलं, मग नाद सोडला. आणि कुरिअर कंपनीकडून? ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ बास.

फरक किती पडतो ते आकड्यात बघा. मी भरली तेव्हा मूळ ड्यूटी २० टक्के, त्या ड्यूटीवर १० टक्के अधिभार, आणि सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. समजा घड्याळ ५ लाखांचं, तर पूर्ण किमतीवर २,१९,८०० रुपये होतात. दुरुस्ती, भाडं, विमा मिळून ७५,००० धरले तर ३२,९७० रुपये. हे सगळं एका ओळीच्या टायपिंगवरून.

तर तुम्ही काय करा. कुरिअरच्या काउंटरला जाऊच नका, कस्टम्स ब्रोकर धरा. गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या निर्यात करणाऱ्या फाउंड्रीवाल्यांना विचारा, त्यांचे मुंबईचे ब्रोकर ठरलेले असतात. एका घड्याळासाठी काही जण नाही म्हणतील, काही जण हसतील, एखादा करेल. फी जाईल, जाऊ द्या. शिपिंग बिलावर ‘दुरुस्तीसाठी निर्यात, परत येणार’ आणि केस व मशीनचे दोन्ही नंबर आलेच पाहिजेत. जाण्याआधी कस्टम्सनं वस्तू नंबराशी ताडून शेरा मारला तर सोन्याहून पिवळं. बिलाची प्रत हातात आल्याशिवाय माल हलू द्यायचा नाही, आणि ती प्रत स्वतः वाचायची. किंमत खरी लिहा. कमी लिहिलीत आणि वाटेत हरवलं तर विमा तेवढाच मिळणार, हे कुणी सांगत नाही.

ऑस्ट्रियावाल्यांना आधी मेल करून त्यांच्या बाजूनं इनव्हॉइसवर काय मजकूर हवा ते मागून घ्या, नाहीतर तिकडं त्यांनाच आयात कर पडायचा. परत पाठवताना त्यांनी ‘दुरुस्त करून परत’, दोन्ही नंबर, तुमच्या शिपिंग बिलाचा नंबर, घड्याळाची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च वेगवेगळा लिहायचा.

आता ते दोन सल्ले. एकानं लिहिलंय, वॉरंटीत फुकट आहे म्हणजे ड्यूटी शून्य. नाही. अधिसूचनेत स्पष्ट आहे, खर्च प्रत्यक्ष झाला असो वा नसो, वाजवी खर्च धरायचाच. म्हणून वॉरंटीचं काम असलं तरी कागदावर आकडा मागून घ्या. कोरा सोडलात तर तिकडं कुणीतरी आपल्या मनानं भरणार.

दुसरे म्हणतात, युरोपच्या घड्याळांवरची ड्यूटी करारामुळं गेली. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेला करार एफ्टा ह्या चार देशांच्या गटाशी आहे, म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिच्टेनस्टाइन. ऑस्ट्रिया युरोपियन युनियनमध्ये, त्याचा इथं संबंध नाही. आणि स्विस घड्याळांवरचीही टप्प्याटप्प्यानं उतरायची आहे, एका झटक्यात गेलेली नाही.

कुणी स्वतःच तिकडं जाणार असेल तर सगळ्यात बरं. विमानतळावर निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नंबरासकट. त्यासाठी जरा लवकर पोचा. इमिग्रेशनच्या रांगेत आठवलं तर उपयोग नाही.

आणि पट्टा काढून ठेवा! मगरीच्या किंवा ॲलिगेटरच्या कातड्याचा असेल तर तो साइट्समध्ये (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) येतो, परमिट लागतं, आणि त्या वीतभर पट्ट्यापायी घड्याळ वन्यजीव विभागाच्या शेऱ्यासाठी पडून राहू शकतं. नुसतं डोकं पाठवा. पट्टा वासराच्या कातड्याचा असला तरी काढा, उगाच कुणाला शंका नको. काढताना स्प्रिंग बारचं (पट्टा धरणाऱ्या काडीचं) टूल लगवर, म्हणजे पट्टा बसतो त्या केसच्या शिंगांवर, घसरू देऊ नका, आधी चिकटपट्टी लावा.

पावसाळ्यात पाठवायचं का, असंही विचारलंय तुम्ही. पाठवा की, घट्ट पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून. पंचगंगेला पाणी चढलं आणि हायवे बंद झाला तर पार्सल कुठं थांबतं याचा मात्र नेम नाही, म्हणून जुलै-ऑगस्ट टाळता आला तर बघा.

माझ्या पत्राचा मसुदा आणि शिपिंग बिलावर कोणत्या ओळी हव्यात ते टिपण करून ठेवलंय. हवं असेल तर निरोप टाका, नाव-नंबर खोडून पाठवतो. रात्री नऊनंतरच उत्तर मिळेल, दिवसा मशीन चालू असतात. त्या कुरिअर कंपनीचं नाव मात्र विचारू नका, इथं लिहिलं की पोस्ट उडते.