रबाळ्याची गॅसची नोकरी घ्यावी का?

प्रश्न: मुलाचा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा यंदा झाला. रबाळ्याच्या एका छोट्या कंपनीत बोलावणं आलंय. तिथे गॅसचं प्रेशर कमी करणारे स्किड (एका सांगाड्यावर बसवलेले पाइप, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर) बनवतात. मालक म्हणतात, पुढे डेटा सेंटरची कामं येणार. गॅसवाल्याचंच काम करायचं तर तीन वर्षं कशाला घालवली? त्यापेक्षा क्लाउडचा कोर्स करू दे का? – एक पालक, भांडुप

उत्तर: सप्रेम नमस्कार. घरी पाइप गॅस असेल तर मीटरजवळचा छोटा रेग्युलेटर एकदा नीट बघा. बाहेरच्या लाइनीत साधारण ४ बार प्रेशर असतं, शेगडीला लागतं २१ मिलिबार. ते टप्प्याटप्प्याने उतरवतात, शेवटचा टप्पा या रेग्युलेटरचा. संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर कुकर चढतात, तरी तुमची ज्योत बसत नाही. ही त्याची करामत.

डेटा सेंटरला गॅसवर वीज करायची तर दुखणं हेच, फक्त फार मोठं. अमेरिकेत ग्रिडची जोडणी मिळायला वर्षं लागतात, म्हणून काही ठिकाणी गॅस इंजिनं, टर्बाइनं आवारातच बसवतायत. लोड एकदम वाढला की इंजिन जास्त गॅस ओढतं. रेग्युलेटर उघडायला उशीर झाला तर प्रेशर पडतं, इंजिन बंद. यूपीएसच्या बॅटऱ्या तगणार काही मिनिटं. उलटा प्रकार जास्त छळतो: लोड झटकन सुटतो, रेग्युलेटर मिटेपर्यंत प्रेशर चढतं आणि स्लॅम शट व्हॉल्व्ह (प्रेशर मर्यादेबाहेर गेलं की गॅस तोडणारा) खाडकन बसतो. तो सहसा आपला आपण उघडत नाही. कुणीतरी जाऊन, कारण शोधून, हाताने रीसेट करावा लागतो. म्हणून दुसरी लाइन समांतर तयार ठेवतात. दोन्हींच्या सेटिंगमध्ये अंतर किती ठेवायचं, कसब तिथे आहे. ते टेस्ट बेंचवर, गेजवर डोळा ठेवूनच येतं. याला गॅसवाल्याचं काम म्हणत असाल तर म्हणा बापडे!

मालकांचं आश्वासन मात्र बाजूला ठेवा. आपल्याकडची डेटा सेंटरं मुख्यतः ग्रिडवर चालतात, राखीव म्हणून डिझेल जनरेटर असतात. ती कामं आली तर उत्तम. नाही आली तरी बॉयलर, भट्ट्या, सिटी गॅस यांना हेच स्किड लागतात. माझ्या मते होकार द्यावा, पण या कारणासाठी.

त्याआधी मुलानेच (तुम्ही नव्हे!) विचारावं: टेस्टिंगला आणि साइटवर कमिशनिंगला (यंत्रणा तपासून सुरू करून द्यायला) पाठवणार, की वर्षभर ड्रॉइंगच्या झेरॉक्स काढायच्या? अप्रेंटिस म्हणून घेणार असाल तर रीतसर नोंदणी होणार का? गॅस डिटेक्टर, वर्क परमिट (धोक्याच्या कामाआधीची लेखी परवानगी) याबद्दल ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं, तर पगार कितीही असो, तिथून उठावं.

क्लाउडचा कोर्स आत्ता नको. पैसे घालायचेच असतील तर शनिवार-रविवारच्या पीएलसी-स्काडाच्या (कारखान्यातली यंत्रं संगणकावरून चालवण्याच्या) वर्गाला घाला. डिग्रीची रुखरुख असेल तर डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. वर्षभर बेंचवर काढून मग त्याने ठरवावं.