बाळाचा पहिला घास

तुमचे बाळ आता 6 महिन्यांचे होत आहे, आधाराने बसून मान स्थिर धरते आणि तुमच्या ताटाकडे हात नेते, म्हणजे सुरुवात करण्यास हरकत नाही. मात्र अंगावरचे दूध 2 वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवावे.

घरोघरी पहिल्यांदा वरणाचे वरचे पाणी पाजतात, ते मला अजिबात पटत नाही, कारण त्याने लहानसे पोट भरते पण पोषण फारसे मिळत नाही. त्याऐवजी मऊ भात आणि तुरीचे घट्ट वरण एकत्र कुस्करून, थोडे तूप घालून, चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतके दाट भरवावे. आरंभी 2 ते 3 चमचे, दिवसातून 2 वेळा पुरेत. मीठ व साखर पहिल्या वर्षी नको, आणि मध तर चाटवण्यापुरताही नको, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

सहाव्या महिन्यानंतर केवळ दुधातून पुरेसे लोह मिळत नाही, म्हणून डाळी, शिजवून बारीक केलेली पालेभाजी आणि चालत असल्यास अंडे लवकर द्यावे. सोबत आपल्या नागपुरी संत्र्याचा बिया व साल काढून कुस्करलेला गर दिल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. रस मात्र काढू नये.

मे महिन्यातील आपल्याकडच्या उन्हात सकाळचे अन्न दुपारी भरवू नका, प्रत्येक वेळी ताजेच शिजवा. बाळाने तोंड फिरवले तर आग्रह न करता थांबा आणि तोच पदार्थ काही दिवसांनी पुन्हा द्या.