स्पोर्ट मोड लावला म्हणजे ईएससी सैल झालं असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मागच्या चाकांना ताकद देणारी टर्बो गाडी, ट्रॅकवर स्पोर्ट मोड लावलेला, तरी वळणातून बाहेर पडताना इंजिन मध्येच मरगळतं आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो. मित्र म्हणतो, सगळं बंद करून टाक. करावं का?

अजून नको. बहुतेक तुम्ही मधला मोड, म्हणजे पूर्ण चालू आणि पूर्ण बंद यांच्या मधला टप्पा, एकदाही वापरलेला नाही. ड्राइव्ह मोडचा स्पोर्ट वेगळा आणि स्टॅबिलिटी कंट्रोलचा (म्हणजे ईएससीचा, घसरणारी गाडी सावरणाऱ्या प्रणालीचा) स्पोर्ट वेगळा. पहिल्याने एक्सलरेटरचा प्रतिसाद, गिअर बदलण्याची वेळ, स्टिअरिंगचं वजन, सस्पेन्शनचा कडकपणा हे बदलतं. ईएससीला तो बऱ्याच गाड्यांत हातही लावत नाही. त्याचं बटण निराळं असतं. काही गाड्यांत दोन्ही जोडलेले असतात, म्हणून मॅन्युअलमधलं ते पान आधी वाचा. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत डीएससीचं (ईएससीला त्यांनी दिलेलं नाव) बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं तर मधला मोड येतो आणि काही सेकंद दाबून धरलं तर सगळं बंद होतं. एकच बटण, पण परिणामात जमीन-अस्मानाचा फरक.

आता ते मरगळणं. ट्रॅक्शन कंट्रोलचं लक्ष फक्त एका गोष्टीवर असतं: ताकद मिळणारी चाकं बाकीच्या चाकांपेक्षा जास्त वेगाने फिरताहेत का. फिरत असतील तर ते इग्निशन (ठिणगी पडण्याची वेळ) मागे ओढतं, इंधन तोडतं, थ्रॉटल मिटतं, गरज पडली तर त्या चाकाला ब्रेकही लावतं. इग्निशनचा उपाय क्षणात होतो आणि क्षणात परत येतो. पण थ्रॉटल मिटलं की टर्बोचा दाब उतरतो आणि तो पुन्हा भरायला वेळ लागतो. तुम्हाला जे 'दम सोडणं' वाटतंय ते हेच. चाकाची पकड केव्हाच परत आलेली असते, इंजिन मात्र अजून मागून येतंय. इलेक्ट्रिक गाड्यांत हे फार कमी जाणवतं, कारण मोटरचा टॉर्क कितीतरी पटपट कमी-जास्त करता येतो.

स्टॅबिलिटी कंट्रोलचं काम निराळं. तुम्ही स्टिअरिंग किती फिरवलंय आणि गाडी स्वतःभोवती प्रत्यक्षात किती वळतेय, याचा ते सतत ताळा घेतं. मागची बाजू सुटायला लागली तर ते वळणाच्या बाहेरच्या अंगाच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावतं. नाक वळत नसेल तर आतल्या अंगाच्या मागच्या चाकाला. १९९५ साली मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये बॉशची ही प्रणाली आली, तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे.

मधला मोड या दोन्हींची मर्यादा सैल करतो, पण सारखीच नाही, आणि प्रत्येक कंपनीचं गणित आपापलं. फेरारीच्या मानेत्तीनोवर, म्हणजे स्टिअरिंगवरच्या मोड निवडायच्या खटक्यावर, 'सीटी ऑफ' म्हणजे ट्रॅक्शन बंद, स्टॅबिलिटी चालू. त्याच्या पुढचा टप्पा 'ईएससी ऑफ'. मर्सिडीझच्या एएमजी जीटी आरमध्ये ईएसपी (त्यांचं ईएससी) बंद केल्यावर ट्रॅक्शनचे नऊ टप्पे हाताने निवडता येतात. पोर्शमध्ये पीएसएम (पोर्शचं ईएससी) बंद असलं तरी जोरात ब्रेक दाबून पुढच्या चाकांवर एबीएस सुरू झालं की ते मदतीला येतं. म्हणून 'बंद' या शब्दावरही डोळे झाकून विसंबू नका.

मी हे ओल्या ट्रॅकवर शिकलो. मधला मोड, दुसऱ्या गिअरचं आखूड वळण. अर्धा एक्सलरेटर दिला, मागची बाजू हळूच बाहेर आली, मी उलटं स्टिअरिंग दिलं आणि गाडीने ते मला करू दिलं. तीन फेऱ्या हाच आनंद. चौथ्या फेरीत तिसऱ्या गिअरच्या लांब वळणात मी वेग जास्त घेऊन शिरलो आणि घाबरून एक्सलरेटर एकदम सोडला. वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि मागची बाजू सुटली. पायाखाली ब्रेकच्या पंपाची गुरगुर ऐकू आली, बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागून नाक खेचलं गेलं, गाडी जवळपास सरळही झाली, पण तोवर रस्ता संपला होता. गवतावर थांबलो तेव्हा दिवा विझलेला होता. प्रणालीने तिचं काम चोख केलं होतं. एक्सलरेटरमुळे होणारी घसरण तोडायला तिच्या हाती इंजिन असतं. वेगच जास्त असेल तर तोडायला काही उरत नाही, फक्त ब्रेक उरतो, आणि तोही त्याच टायरची पकड वापरतो.

बटणाला हात लावण्याआधी एक तपासणी मात्र कराच. दिवा डाव्या वळणांत लवकर लागतो आणि उजव्यांत उशिरा, असं काही आहे का? असेल आणि अलीकडे व्हील अलाइनमेंट झालं असेल, तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य बिंदू सरकलेला असू शकतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित तिरकं दिसत असेल तर शंका आणखी पक्की. तो पुन्हा कॅलिब्रेट करून घ्या. पुढच्या-मागच्या टायरचे मूळ आकार बदलले असतील तरीही चाकांच्या वेगांची तुलना बिघडते.

तुमच्या गाडीत फक्त ब्रेक लावून एलएसडीची (फुकट फिरणाऱ्या चाकाला आवरून दुसऱ्याला ताकद देणाऱ्या डिफरन्शियलची) नक्कल केली जात असेल, तर मागचे ब्रेक पॅडही बघा. आतल्या अंगाचं चाक फुकट फिरतं, प्रणाली त्याला सारखी आवळत राहते, आणि काही फेऱ्यांत ब्रेक तापून जातात. यांत्रिक एलएसडी असलेल्या गाडीला हा त्रास पुष्कळ कमी.

पुढच्या वेळी पहिल्या दोन फेऱ्या, टायर थंड असताना, सगळं चालू ठेवा. मग मधला मोड लावा आणि दिवा नेमका कुठे लुकलुकतो ते वळणागणिक लक्षात ठेवा. तिथे स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसा एक्सलरेटर वाढवा. हात अजून वळलेले असताना पाय खाली नको. त्याच वेगाने सलग दहा फेऱ्या दिवा न लागता झाल्या, की इथे परत लिहा. बंद करण्याबद्दल तेव्हा बोलू.